फक्त दहीभात आणि वेफर्स: ऑटिस्टिक मुलांचं मोजकं खाणं आणि त्यांचे डोळे

"वजन बरोबर आहे, उंची वाढतेय, दोन पेले दूध पितोय. मग जेवणाचं एवढं काय घेऊन बसलात?" ऑटिस्टिक मुलांच्या आयांना हे वाक्य सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांकडून ऐकावं लागतं, कधीकधी दवाखान्यातही. वजनाचं म्हणणं बहुतेकदा खरंच असतं. भात, बटाटा, मैदा, साखर आणि तेल यांतून उष्मांक भरपूर मिळतात, मूल गुबगुबीतही दिसतं. पण डोळ्याला जे लागतं ते वजनकाट्यावर दिसत नाही.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी २०१९ साली एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. प्राथमिक शाळेपासून तो मुख्यतः फ्राइज, बटाट्याचे वेफर्स आणि पांढरा ब्रेड एवढ्यावर होता, कारण इतर पदार्थांचा तोंडातला स्पर्शच त्याला सहन होत नसे. चौदाव्या वर्षी थकवा येतो म्हणून तो डॉक्टरांकडे गेला. उंची आणि वजन दोन्ही व्यवस्थित होतं. बी १२ कमी निघालं, इंजेक्शनं दिली, ती पुढे चालू राहिली नाहीत. सतराव्या वर्षी त्याची दृष्टी दोन्ही डोळ्यांत आपल्याकडच्या तक्त्यानुसार ६/६० एवढीच उरली होती, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून दिसत होतं. बी १२, तांबं, सेलेनियम आणि ड जीवनसत्त्व, सगळंच कमी होतं. गेलेली नजर परत आली नाही. तो अहवाल ऑटिझमवरचा नव्हता, पण ठरावीक पोताचं अन्न टाळण्याची ती सवय आपल्या ओळखीची आहे. १९९३ सालच्या दुसऱ्या एका अहवालातला आठ वर्षांचा मुलगा मात्र ऑटिस्टिकच होता. कित्येक वर्षं तळलेले बटाटे आणि पाणी एवढंच घेतल्यामुळे त्याच्यात अ आणि ड या दोन्ही जीवनसत्त्वांच्या अभावाची लक्षणं दिसली होती.

असे प्रसंग विरळ आहेत. मोजकं खाणाऱ्या बहुतेक मुलांची नजर जात नाही. पण ज्यांची जाते त्यांच्या बाबतीत उशीर जवळपास नेहमी एकाच कारणाने होतो: मूल सांगत नाही, आणि जे दिसतं ते "ऑटिझममुळेच असेल" म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून पुढच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या.

आधी थोडं डोळ्याविषयी

अ जीवनसत्त्वाची डोळ्यात दोन कामं असतात. मंद प्रकाशात पाहण्यासाठी पडद्यावरच्या पेशींना जो रंगद्रव्याचा कण लागतो तो अ जीवनसत्त्वापासून बनतो. साठा संपला की आधी संधिप्रकाशातलं दिसणं जातं, म्हणजे रातांधळेपणा येतो. दुसरं काम डोळ्याचा पृष्ठभाग ओला आणि मऊ ठेवण्याचं. ते बिघडलं की पांढरा भाग कोरडा व सुरकुतलेला दिसतो आणि त्यावर साबणाच्या फेसासारखा डाग उठतो. हे बिटोचे डाग, बहुतेकदा बुबुळाच्या कानाकडच्या बाजूला. त्याच्याही पुढे गेलं तर बुबुळ धुरकट होतं, त्यावर जखम होते आणि ते अक्षरशः विरघळू शकतं.

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं दुखणं निराळं. तिला बी १२, फोलेट (हेही ब गटातलंच जीवनसत्त्व, गोळीत ते फोलिक ॲसिड म्हणून येतं), बी १ आणि तांबं लागतं. ही नस सुकते तेव्हा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, दोन्ही बाजूंची नजर मधोमध हळूहळू विरत जाते आणि रंग फिके पडतात. शिवाय अ जीवनसत्त्व फार काळ न मिळाल्याने कवटीचं हाड जाड होऊन नसेची वाट अरुंद झाली आणि नस चेपली गेली, असे अहवालही ऑटिस्टिक मुलांबाबत आले आहेत.

या दोन दुखण्यांत वेळेचं गणित वेगळं आहे. रातांधळेपणा योग्य डोस मिळाल्यावर एक-दोन दिवसांत सुधारू लागतो आणि कोरडेपणाही ओसरतो. सुकलेली नस मात्र पुन्हा उगवत नाही. लवकर पकडली तर काही नजर परत येते, उशीर झाला तर उरलेली वाचवायची एवढंच हातात राहतं.

"लहानपणी अंगणवाडीत अ चे डोस दिलेत की" असं बरेच पालक म्हणतात. ते डोस नवव्या महिन्यापासून सुरू होतात, पहिला १ लाख आययूचा (आययू हे जीवनसत्त्व मोजायचं एकक), मग दर सहा महिन्यांनी २ लाखांचा, एकूण नऊ. पाचव्या वर्षी ते थांबतात. यकृतातला साठा काही महिने पुरतो, आयुष्यभर नाही. आणि पुष्कळ ऑटिस्टिक मुलांचं खाणं पाचव्या वर्षानंतर आणखी आक्रसत जातं, म्हणजे सरकारी डोस बंद होतो नेमका तेव्हाच धोका वाढायला लागतो.

पायरी १: ताटाची वही

दोन आठवडे मुलाच्या तोंडात जे जे जातं ते लिहा. "भाजी खात नाही" असं मोघम नको. ब्रँड, पाकिटाचा रंग, किती खाल्लं, कोणी भरवलं, आणि दूध असेल तर साय काढलेलं की सायीसकट, हे सगळं. वहीच्या मागच्या पानावर गेल्या वर्षभरात सुटलेले पदार्थ लिहा. हे पान डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोगी पडतं. एकूण पदार्थ वीसच्या खाली असतील, किंवा सुटलेला पदार्थ परत येतच नसेल, तर "मोठा झाला की खाईल" या आशेवर बसू नका.

मग यादीवर नजर टाका. आपल्याकडे साधारण चार तऱ्हा दिसतात.

पांढरं खाणारी मुलं: दहीभात, दूधभात, साधी पोळी, इडली. दूध-दह्यातून बी १२ आणि थोडं अ मिळतं, पण अ असतं स्निग्धांशात. साय काढली की तेही जातं. लोह, क जीवनसत्त्व आणि फोलेट जवळजवळ नसतं.

कुरकुरीत खाणारी मुलं: वेफर्स, फ्राइज, नूडल्स, बिस्किटं, कुरमुरे. डोळ्यांच्या दृष्टीने ही तऱ्हा सर्वांत वाईट. यात अ नाही, बी १२ नाही, आणि मीठ-तेलामुळे पोट मात्र भरतं.

दूधच दूध पिणारी मुलं: दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की भूक मरते आणि रक्तातलं लोह खाली येतं.

चौथी तऱ्हा आईबाबांनी तयार केलेली असते. गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम कमी होतो, हा सल्ला व्हॉट्सॲपवर आणि काही महागड्या पॅकेजांमध्ये सर्रास मिळतो. त्याला भक्कम पुरावा नाही. ज्या मुलाचे सातच पदार्थ आहेत त्याचे दूध-दही-पोळी काढून चार करणं मला धोकादायक वाटतं. शाकाहारी घरात दूध बंद म्हणजे बी १२ चा शेवटचा दरवाजाही बंद. सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) किंवा दुधाची ॲलर्जी तपासणीत निघाली असेल तर गोष्ट वेगळी. पण सीलिॲकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, आधी बंद केला तर ती खोटी "नॉर्मल" येऊ शकते.

पायरी २: वागण्यात काय बदललं ते बघा

"मला दिसत नाही" हे वाक्य बोलणाऱ्या मुलांनाही सुचत नाही, कारण हळूहळू गेलेलं त्यांना कळतच नाही. म्हणून वागणं वाचायचं. यात एकच कसोटी महत्त्वाची आहे: हे आधीपासून होतं की नवं आहे?

डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, बोटं डोळ्यांसमोर हलवणं, पंख्याकडे टक लावणं ही पुष्कळ ऑटिस्टिक मुलांची जुनी आवड असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कधीच असं न करणारं मूल एकाएकी मान वाकडी करून बघू लागलं, तर ते मधली नजर गेल्यामुळे कडेच्या नजरेने पाहत असू शकतं.

दिवेलागणीच्या वेळेकडे विशेष लक्ष द्या. संध्याकाळी बागेतून परतताना हात घट्ट धरणं, जिन्यात थबकणं, भिंतीला धरून चालणं, वीज गेली की आकांत, झोपतानाही मोठा दिवा हवाच असा नवा हट्ट. याला घरात "अंधाराची भीती" असं नाव पडतं आणि विषय संपतो. घरच्या घरी एवढं करता येईल: ओळखीच्या खोलीत, मंद उजेडात, त्याचं आवडतं खेळणं नेहमीच्या जागेवरून हलवून ठेवा आणि तो ते डोळ्यांनी शोधतो की हातांनी चाचपतो ते बघा. दिवसा मोठ्या उजेडात हेच पुन्हा करा. फरक दिसला तर डॉक्टरांना सांगायला ठोस गोष्ट मिळाली. फरक दिसला नाही म्हणून तपासणी टाळू मात्र नका.

नसेच्या दुखण्यात आवडती कामं सुटतात. जिगसॉ जोडणारा मुलगा तुकडे भिरकावू लागतो. रंगांप्रमाणे मणी लावणारी मुलगी लाल आणि तपकिरी एकत्र करू लागते. टॅबलेट नाकाला लागेल इतका जवळ येतो. ओळखीचं माणूस आवाज ऐकल्यावरच ओळखलं जातं. थेरपीच्या केंद्रात याला "मागे गेला" म्हणतात. मागे जाण्याची कारणं अनेक असतात, पण नजर तपासल्याशिवाय तो शिक्का मारू नये.

उजेडात डोळे मिटून घेणं आणि सतत चोळणं याचीही नोंद ठेवा. डोळ्याचा फोटो काढायचा तर फ्लॅश बंद करा, खिडकीच्या उजेडात मुलाला टॅबलेट थोडा बाजूला धरून दाखवा आणि तो तिकडे पाहत असताना पांढऱ्या भागाचा फोटो घ्या. फेसाळ डाग असेल तर असा फोटो फार कामाचा ठरतो.

बाकीचं शरीरही बोलत असतं. बोटांच्या पेरांवर काळसरपणा आणि लाल गुळगुळीत जीभ हे बी १२ कडे बोट दाखवतात. कोपरांवर-मांड्यांवर काटेरी खरखरीत पुरळ अ च्या अभावात दिसतं. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणं बहुधा लोहाच्या कमतरतेचं, आणि जुन्या रंगाच्या पोपड्यांतून शिसंही पोटात जातं. हिरड्यांतून रक्त येणं आणि चालायलाच नकार देणं हे क जीवनसत्त्वाच्या अभावाचं, म्हणजे स्कर्व्हीचं लक्षण असू शकतं. पाय दुखतात म्हणून बसून राहिलेल्या मुलाला "हट्टी" ठरवल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

काळ्या बुबुळावर धुरकटपणा किंवा पांढरा ठिपका, उजेडात अजिबात न उघडणारा डोळा, किंवा काही दिवसांत झपाट्याने कमी झालेली नजर, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठा. मध, तूप, गुलाबपाणी, काजळ यांतलं काहीही डोळ्यात घालू नका आणि डोळा दाबू नका.

पायरी ३: डोळ्यांची तपासणी, तयारीनिशी

खाणं मोजकं आहे एवढं कारण तपासणीसाठी पुरेसं आहे, लक्षणाची वाट बघायची गरज नाही. शक्य असेल तर लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. ऑटिस्टिक मुलांत चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो, त्यामुळे नजर कमी निघाली तर ती आहारामुळेच असेल असं नाही. नंबर निघाला म्हणून आहाराचा प्रश्न संपला, असंही समजू नका.

चष्म्याच्या दुकानातली तपासणी इथे पुरत नाही. डॉक्टरांना वही दाखवून स्पष्ट सांगा: "हा एवढंच खातो. डोळ्याचा पृष्ठभाग आणि थेंब घालून मागची नस, दोन्ही बघाल का?" अक्षरं न ओळखणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाची नजरही मोजता येते. पट्ट्यापट्ट्यांची कार्डं दाखवून मूल कुठे बघतं ते टिपतात, चित्रांच्या जोड्या लावायला देतात, आणि हातात धरायचं कॅमेऱ्यासारखं यंत्र मीटरभर अंतरावरूनच नंबराचा अंदाज देतं. "मूल सहकार्य करत नाही" हा तपासणीचा निष्कर्ष होऊ शकत नाही. तसं लिहून दिलं तर पुढची तारीख मागा.

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. दवाखान्याच्या दाराचा, खुर्चीचा, यंत्राचा फोटो मागवून चित्रगोष्ट बनवा. घरी बाहुलीवर, मग बाबांवर, मग स्वतःवर टॉर्चचा खेळ खेळा. सकाळची पहिली वेळ घ्या आणि वाट बघायला गाडीत किंवा बाहेर थांबण्याची परवानगी आधीच मागा. थेंबांसाठी एक युक्ती: मूल आडवं, डोळे मिटलेले, थेंब नाकाकडच्या कोपऱ्यात टाका आणि मग डोळा उघडू द्या. घरी साध्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी याची सवय करता येते, पण कुठले वापरायचे ते डॉक्टरांना विचारा. डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर उजेड बोचतो आणि जवळचं धूसर दिसतं, काही थेंबांचा परिणाम काही दिवस टिकतो. हे मुलाला आधी सांगितलं नाही तर पुढच्या वेळी तो दवाखान्याच्या फाटकातच बसकण मारेल.

तरीही तपासणी झालीच नाही तर भूल देऊन करता येते. मग त्याच भुलेत दात, रक्त आणि लागल्यास एमआरआय उरकता येतो का ते विचारा. एक गोष्ट भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा: बी १२ कमी असण्याची शक्यता आहे. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू, जो दातांच्या दवाखान्यातही वापरतात, शरीरातलं बी १२ निकामी करतो, आणि आधीच काठावर असलेल्या मुलाच्या नसांना त्याने मोठी इजा होऊ शकते.

पायरी ४: एकाच सुईत सगळं रक्त

मुलाला दोनदा टोचायची वेळ येऊ नये म्हणून यादी आधी बालरोगतज्ज्ञांबरोबर ठरवा. साधारण असं: हिमोग्लोबिन आणि पेशींची पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, फोलेट, ड, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, झिंक आणि सीआरपी (शरीरात संसर्ग किंवा दाह आहे का ते दाखवणारी तपासणी). नजरेची शंका असेल तर अ आणि तांबंही. माती-पोपडे खात असेल तर शिसं. अ ची तपासणी सगळ्या लॅबमध्ये होत नाही, नमुना उजेडापासून झाकून पाठवावा लागतो, म्हणून आधी फोन करा. टोचायच्या जागी तासभर आधी बधिर करणारं मलम लावता येतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा की यकृतातला साठा जवळजवळ संपेपर्यंत रक्तातलं अ नॉर्मल दिसतं, आणि ताप-संसर्गात ते खोटं कमी दिसतं. फेरिटिनचं उलटं, संसर्गात ते खोटं वाढतं, म्हणून सोबत सीआरपी. रक्त शक्यतो गोळ्या-सिरप सुरू करण्याआधी द्या. मात्र रातांधळेपणा किंवा फेसाळ डाग दिसत असेल तर अ चा डोस रिपोर्टसाठी अडवून धरायचा नाही.

पायरी ५: औषध, आणि जास्तीचं औषध

डोळ्यात लक्षणं असलेल्या एक वर्षावरच्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने अ चे २ लाख आययू पहिल्या दिवशी, तेवढेच दुसऱ्या दिवशी आणि मग दोन आठवड्यांनी देतात. हा डोस डॉक्टरांच्याच हातून. पाळी सुरू झालेल्या मुलींना तो सरसकट देत नाहीत, कारण गर्भावर त्याचा वाईट परिणाम होतो.

अंगणवाडीतून आणखी एक बाटली मागून आणणं, वर मल्टिव्हिटॅमिन, वर मासळीचं तेल, असं करू नका. अ आणि ड शरीरात साठतात. अ जास्त झालं की डोकेदुखी, उलट्या, त्वचा सोलणं, आणि डोक्यातला दाब वाढून नसेला सूज येते. ज्या नजरेसाठी हे केलं तिलाच इजा! चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी तयार अ ची (औषधातल्या आणि प्राणिजन्य पदार्थांतल्या) रोजची वरची मर्यादा ९०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३००० आययू मानतात. गाजर-भोपळ्यातलं अ यात धरत नाहीत, त्याने फार तर कातडी पिवळसर दिसेल. ड ची ६०,००० आययूची आठवड्याची पुडी रोज दिली गेल्याने मुलं दवाखान्यात दाखल झाली आहेत, तेव्हा चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

बी १२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक ॲसिड सुरू करू नये. त्याने रक्त सुधारतं, पण नसांची इजा झाकली जाऊन चालूच राहते. झिंक महिनोन्‌महिने भरपूर दिलं तर तांबं खाली येतं. ब्रिस्टलच्या मुलाच्या रक्तातही झिंक वाढलेलं आणि तांबं कमी होतं.

रूप कुठलं निवडावं? जे मूल घेईल ते. गमीज आवडतात, पण बहुतेकांत लोह नसतं. सिरपची चव बदलली की मूल बाटलीच नाकारतं, म्हणून एक मान्य झालं की दोन-तीन महिन्यांचं एकाच कंपनीचं घेऊन ठेवा. बी १२ इंजेक्शनने द्यायचं की मोठ्या डोसने तोंडावाटे, हे नजर किती धोक्यात आहे त्यावर डॉक्टर ठरवतील. नसेवर परिणाम दिसत असेल तर इंजेक्शनं टाळू नका, आणि बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवू नका.

पायरी ६: चव न बदलता होणारे बदल

इथे माझं मत ठाम आहे. मुलाच्या लाडक्या दहीभातात गाजराची पेस्ट लपवू नका. त्याची जीभ तुमच्यापेक्षा तल्लख असते. कळलं की तो दहीभातच सोडतो, आणि सातातले सहा उरतात. पण चव, रंग आणि पोत अजिबात न बदलणारे बदल करता येतात, त्यांपासून सुरुवात करा.

निळ्या रंगातलं, अधिकचं चिन्ह आणि पुढे इंग्रजी 'एफ' असं बोधचिन्ह पाकिटावर शोधा. हे चिन्ह असलेल्या दुधात आणि खाद्यतेलात अ व ड मिसळलेलं असतं, तांदूळ आणि कणकेत लोह, फोलिक ॲसिड व बी १२. फक्त भातावर जगणाऱ्या मुलासाठी असा तांदूळ मोलाचा आहे. त्यातले थोडे वेगळे दिसणारे, पाण्यात तरंगणारे दाणे "प्लास्टिकचे" म्हणून आपल्याकडे निवडून फेकतात. पोषण नेमकं त्याच दाण्यांत असतं. निवडू नका, आणि पाणी टाकून पेज काढण्याऐवजी मोजक्या पाण्यात शिजवा. वेफर्स-फ्राइजशिवाय चालतच नसेल तर ते घरी, असं चिन्ह असलेल्या ताज्या तेलात तळा. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की अ नष्ट होतं. लोहमिश्रित मीठ मात्र जपून, त्याने काही पदार्थ काळपट होतात आणि या मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही.

टोण्ड दुधाऐवजी सायीचं दूध, आणि भातावर किंवा पोळीला तूप आधीपासून चालत असेल तर ते सढळ हाताने. तुपात स्वतःचं अ असतंच, शिवाय भाज्या-फळांतलं अ शोषायलाही स्निग्धांश लागतो.

पायरी ७: पुढचा घास

नवा पदार्थ जुन्याच्या शेजारून आणायचा. वेफर्स खाणाऱ्याला गाजराची कोशिंबीर पुढे केली तर काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. बटाट्याच्या वेफर्सवरून दुसऱ्या ब्रँडचे वेफर्स, मग घरचे, मग रताळ्याचे, आणि नारिंगी रताळं मिळालं तर तेच. दहीभातवाल्याला आधी साखर घातलेलं दही, मग आम्रखंड, मग वेगळ्या वाटीत आमरस. साधी पोळी खाणाऱ्याला तीच पोळी लाल भोपळ्याच्या घारगीच्या आकाराची, मग घारगी. अंडं चालणाऱ्या घरात मऊ आम्लेट किंवा अंडं घातलेला शिरा बघा. अ आणि बी १२ दोन्ही पिवळ्या बलकात असतं. मांसाहारी घरात कोंबडीची कलेजी सर्वांत जोरकस, एक लहान चमचाभर कलेजीत दिवसाच्या गरजेचा मोठा भाग येतो. त्याच कारणाने ती रोज द्यायची नाही. आठवड्यातून एकदा थोडी पुरे.

ताटात आणणं, बघणं, वास, बोट लावणं, ओठाला लावणं, चाटून थुंकणं, मग घास. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी पायरी आहे, आणि थुंकणं म्हणजे हार नव्हे. मोहरीच्या दाण्याएवढ्या तुकड्याने सुरुवात करा. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत ठेवा, लाडक्या पदार्थाला लागू देऊ नका. जबरदस्तीने भरवणं, नाक दाबणं, "हे खाल्लं तरच टॅबलेट" हे बंद. घास गिळताना ठसका लागतो, उलटी होते, बद्धकोष्ठता आहे किंवा दात किडलाय असं असेल तर आधी त्यावर उपचार करा. दुखणाऱ्या तोंडाने कोणी नवं काही खात नाही. ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट खाण्यावर काम करतात का, ते पहिल्याच भेटीत विचारा, सगळे करत नाहीत.

ही पायरी महिने घेते, कधी वर्षं. म्हणून ती औषधाच्या पाचव्या पायरीनंतर येते. डोळ्यांचं रक्षण औषधाने आत्ता करायचं, खाणं सावकाश वाढवायचं. "आधी खाणं सुधारू, मग बघू" या क्रमाने नजर हातची जाते.

पाठपुरावा आणि खर्च

औषध सुरू केल्यावर रक्त साधारण तीन महिन्यांनी पुन्हा, डोळे डॉक्टर सांगतील तेव्हा. काही बिघाड निघाला नसेल तरी खाणं मोजकं असेपर्यंत वर्षातून एकदा डोळे आणि रक्त तपासा. एखादा पदार्थ सुटला की वर्षाची वाट न बघता वही घेऊन जा.

शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालतो, त्याची सुरुवात पालघरमधून झाली. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत येणारं त्याचं पथक अ च्या अभावाचे डोळ्यातले डागही तपासतं आणि पुढे जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. खासगी शाळेत किंवा घरी असलेलं मूल या पथकाच्या वाटेत येत नाही, त्याला थेट केंद्रात घेऊन जा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामया योजनेत ऑटिझम असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात बाह्यरुग्ण तपासण्यांचाही भाग आहे. अर्जासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आणि नजर कायमची कमी झालीच असेल, तर त्या प्रमाणपत्रावर दृष्टीची नोंद वेगळी करून घ्या आणि शाळेला लेखी कळवा: चित्रकार्डं मोठी, गडद रेषांची, एका वेळी थोडी. शिवाय रोजच्या वस्तूंना हाताने ओळखता येतील अशा खुणा, आणि बोलण्याआधी जवळ येऊन त्याचं नाव घेणं.